जुनी क्वाड गळते, तापते : नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या अंबडला माझी क्वाड दुरुस्तीची छोटी शेड आहे. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतून, गंगापूर धरणाकडच्या फार्महाऊसवरून आणि त्र्यंबक रस्त्याच्या रिसॉर्टवरून इथे क्वाड, म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल असलेल्या चारचाकी एटीव्ही, येतात. बहुतेक सेकंडहँड, दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या, पिकअपमध्ये घालून आणलेल्या. मालक उतरल्या उतरल्या एक तर "ऑईल गळतंय" म्हणतो, नाही तर "तापतेय, हेड गॅस्केट गेलं असणार". ते दुसरं वाक्य ऐकलं की मी आधी चहा सांगतो. हेड गॅस्केट म्हणजे सिलिंडर आणि त्याच्या डोक्यामधलं (हेडमधलं) पॅकिंग; ते जातं, नाही असं नाही. पण दहा साध्या गोष्टी बघायच्या राहून जातात आणि थेट हेड उतरवलं जातं, हे फारच वेळा होतं.

क्वाडखाली डाग दिसतो. कशाचा आहे ते कसं ओळखू?

द्राक्षाच्या पेटीचा स्वच्छ पुठ्ठा रात्रभर खाली सरकवून ठेवा आणि पुढचं चाक कुठे आहे त्याची पेनने खूण करा. सकाळी डाग कुठे आणि कोणत्या रंगाचा, दोन्ही कळतं. तपकिरी-काळं आणि बुळबुळीत असेल तर इंजिन ऑईल. हिरवं, लाल किंवा निळं, बोटाला चिकट लागणारं आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव. वास घ्या, चव घेऊ नका, ते विष आहे. गंधकासारखा उग्र वास आला तर डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डब्याचं) गिअर ऑईल, म्हणजे इंजिनाचा संबंधच नाही. डागाची जागा ही गळतीची जागा असतेच असं नाही. इंजिनाखालच्या प्लेटमध्ये ऑईल साचतं आणि गाडी उभी असेल तसं पुढच्या किंवा मागच्या भोकातून टपकतं. प्लेट उतरवल्याशिवाय अंदाज बांधू नका.

सगळं इंजिनच तेलकट चिखलाने माखलंय. शोधायचं कुठून?

आधी धुवा. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, कारण त्यांना पार्टचं नाव ऐकायचं असतं. पण तीन वर्षांच्या चिकट थराखाली कोणालाही गळती दिसत नाही, मलाही नाही.

थंड इंजिनावर डिझेल आणि जुना टूथब्रश घेऊन खरवडून काढा, मग साबणाच्या पाण्याने धुवा. एअर फिल्टरचं तोंड, स्पार्क प्लगची टोपी आणि वायरिंगचे जोड प्लास्टिकने झाका. पूर्ण वाळलं की संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर फुंकरून बसवा. पाच-सात मिनिटं चालवा, बंद करा, टॉर्च घ्या. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ उमटलेली दिसते. ती रेघ वर वर धरत जा. तेल खाली ओघळतं आणि वारा ते मागे ढकलतो, म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका हाच तुमचा गुन्हेगार. काहीच दिसलं नाही तर अर्धा तास चालवून परत बघा. काही गळत्या ऑईल तापून पातळ झाल्यावरच सुरू होतात.

ऑईल बहुतेक कुठून झिरपतं?

जुन्या फोर-स्ट्रोक सिंगल सिलिंडर क्वाडमध्ये माझ्या अनुभवाने सगळ्यात आधी वरचं व्हॉल्व्ह कव्हर. त्याचं रबर तापून तापून प्लास्टिकसारखं कडक होतं. त्यानंतर टायमिंग चेनच्या टेन्शनरचं पॅकिंग, ऑईल फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग, ड्रेन बोल्टचा वायसर, मॅग्नेट साइडचं कव्हर आणि तिथून बाहेर येणाऱ्या वायरींचं रबरी बूच. या बूचाकडे कोणी बघत नाही. ऑईल वायरींच्या गुंत्यातून वाहत जाऊन भलतीकडेच टपकतं.

बेल्टवाल्या ऑटोमॅटिक क्वाडमध्ये आणखी एक जागा आहे. बेल्ट घसरतोय, जळका वास येतोय आणि बाहेर ऑईलचा थेंबही नाही, असं झालं तर बेल्टचं कव्हर उघडून आत बोट फिरवा. आत ऑईल असेल तर क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) सील गेलंय. अशा वेळी नुसता बेल्ट बदलून उपयोग नाही. नवा बेल्टही आठवड्यात तेल पिऊन घसरायला लागेल.

बोल्ट जरा आणखी आवळले तर गळती थांबेल का?

सैल असतील तर थांबेल. सैल नसतील तर आटे जातील. कव्हरचे ६ मिमीचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसलेले असतात, त्यांना साधारण १० न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. लांब दांड्याचा पान्हा लावून दम काढायची ती जागा नाही. पॅकिंगवर पेस्ट थापण्याचंही तसंच. बाहेर जेवढी पेस्ट लोळ होऊन दिसते तेवढीच आतही दाबली गेलेली असते आणि ती सुटून ऑईल पंपाच्या जाळीत जाऊन बसते. कागदी पॅकिंग नवं टाका, दोन्ही पृष्ठभाग प्लास्टिकच्या पट्टीने साफ करा, बस्स.

नवं सील टाकलं, महिन्याभरात परत गळायला लागलं. सील नकली का?

असूही शकतं. पण आधी ब्रीदरची नळी बघा. पिस्टनच्या बाजूने थोडा दाब क्रँककेसमध्ये उतरतच असतो, तो बाहेर पडायला ही नळी असते. ती चिखलाने बुजली, मोडली किंवा कुंभारीण माशीने तिच्यात मातीचं घर केलं की दाब सगळ्यात अशक्त सीलमधून वाट काढतो. एका बागेतल्या क्वाडचं एकच सील तीनदा बदलून झालं होतं. नळी काढून फुंकली तर फुंकर आरपार जाईना. तारेने साफ केली, गळती बंद झाली. नळी मोकळी असूनही तिच्यातून सारखा निळसर धूर फुकफुकत असेल, तर मात्र पिस्टनच्या रिंगा झिजल्यात आणि खर्च मोठा आहे. ऑईल जास्त भरलं तरीही ते ब्रीदरमधून एअर फिल्टरच्या डब्यात येतं, तेव्हा लेव्हल एकदा मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे मोजा. काही इंजिनांत गेज पट्टी आटे लावून मोजायची असते, काहींत नुसती टेकवून.

वॉटर पंपाच्या खाली बारीक भोक आहे, तिथून थेंब पडतात. भोक बुजवू का?

मुळीच नाही. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या शाफ्टवर दोन सील असतात, एक कूलंट अडवतं, दुसरं ऑईल, आणि भोक त्या दोघांच्या मधोमध. कूलंट टपकलं तर पाण्याकडचं सील गेलं, ऑईल टपकलं तर ऑईलकडचं. भोक बुजवलंत तर तेच कूलंट दुसऱ्या सीलमधून ऑईलमध्ये शिरेल आणि सीलच्या छोट्या कामाचं बेअरिंगसकट इंजिनाचं काम होईल. सील बदलताना दोन्ही बदला आणि शाफ्टवर नख फिरवून बघा. नखाला खाच लागली तर नवं सीलही टिकणार नाही.

क्वाड तापते. सुरुवात कुठून करायची?

ती कधी तापते, इथून. हा प्रश्न विचारला की अर्धं निदान होतं.

बागेच्या ओळींत हळू चालताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर पळवली की काटा खाली येतो, तर हवा कमी पडतेय : फॅन, किंवा रेडिएटरच्या बुजलेल्या जाळ्या. उलट हळू चालताना ठीक, पण अंजनेरीकडच्या चढाला दहा मिनिटांत लाल दिवा, तर कूलंट फिरत नाहीये किंवा कमी आहे : थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटला वाट देणारी झडप), पंपाचा पंखा, आतून क्षार साचलेला रेडिएटर. कार्बोरेटरवाल्या गाडीत याच वेळी सायलेन्सरमधून फटफट येत असेल आणि रेस सोडल्यावर आरपीएम उशिरा उतरत असेल, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर तडकलंय का बघा. तिथून जादा हवा ओढली गेली की पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन तापतं. आणि थंड गाडी सुरू केल्यावर तीन-चार मिनिटांतच रेडिएटरचा वरचा पाईप दगडासारखा कडक झाला, तर तेव्हा हेड गॅस्केटचं नाव घ्या.

लांबून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घेतलात तर बरं. रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या पाईपवर धरा. वरचा तापलेला आणि खालचा बराच वेळ गारच, तर पाणी फिरत नाही. दोन्ही जवळपास सारखेच कढत, तर पाणी फिरतंय पण रेडिएटर उष्णता सोडत नाही. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र चुकीचा आकडा दाखवतं, म्हणून काळ्या रबरावर किंवा काळी टेप चिकटवून त्यावर धरा.

फॅन फिरतो, तरी तापते. असं कसं?

गेल्या उन्हाळ्यात एक गाडी अशीच आली. दोनदा हेड गॅस्केट बदललेलं, थर्मोस्टॅट नवा, कूलंट नवं. फॅन जोरात फिरत होता. मी वर्तमानपत्राचं पान रेडिएटरच्या पुढे धरलं. पान जाळीला चिकटायला हवं होतं, ते माझ्या तोंडावर उडालं. वायरिंग दुरुस्त करताना कुणीतरी फॅनच्या दोन वायरी उलट जोडल्या होत्या. गाडी पुढे चालली की वारा पुढून आत यायचा, फॅन तो आतून बाहेर ढकलायचा, आणि दोघांच्या भांडणात रेडिएटरमध्ये हवा जागची हलत नव्हती. वायरी बदलायला दोन मिनिटं लागली. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत, मग फक्त आधीच्या दोन बिलांची बेरीज सांगितली.

फॅन फिरतच नसेल तर?

थंड गाडीत त्याची पाती बोटाने फिरवून बघा, अडकत असतील तर बेअरिंगमध्ये चिखल आहे. मोकळी असतील तर फॅनच्या प्लगला बॅटरीतून थेट १२ व्होल्ट द्या. फिरला म्हणजे फॅन चांगला. मग फ्यूज, रिले आणि थर्मल स्विच (तापल्यावर फॅन चालू करणारा) या क्रमाने जा. तरीही नाही फिरला तर मोटर गेली. फॅन कायम चालू राहावा म्हणून थेट स्विच लावून देणारे भेटतात. घरी पोहोचण्यापुरतं ठीक, पण लोक तो चालू करायलाच विसरतात.

रेडिएटर कसा धुवायचा? प्रेशर वॉशरने धुतो.

म्हणूनच जाळ्या वाकल्यात. द्राक्षाच्या पट्ट्यात रेडिएटरवर नुसती धूळ नसते. फवारणीचं औषध, गंधक, बोर्डोचा निळसर थर आणि वाळलेलं गवत यांचा लेप बसतो. पुढून पाणी मारलं की तो आणखी आत ठासतो. साबणाचं पाणी शिंपडून पंधरा मिनिटं थांबा, मग साध्या नळीने मागून पुढे, म्हणजे इंजिनाकडून बाहेर, पाणी सोडा. पुढे ऑईल कूलर वेगळा असेल तर तो सैल करून दोघांच्या मधली फट बघा. तिथे मूठभर कुसळं निघाली नाहीत अशी बागेतली क्वाड माझ्याकडे अजून आलेली नाही. मागे टॉर्च धरून पुढून प्रकाश दिसला की झालं. निफाडची काळी माती वाळायच्या आत धुवा, वाळली की सिमेंट.

कूलंट कमी होतं, पण बाहेर कुठेच गळत नाही.

तीन शक्यता. पहिली, सगळ्यात स्वस्त : रेडिएटरचं झाकण. त्यात दाब धरणारी स्प्रिंग असते आणि थंड झाल्यावर बाजूच्या जादा कूलंटच्या बाटलीतून कूलंट परत ओढून घेणारी छोटी झडप. रबर कडक झालं की बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं दृश्य दिसतं. म्हणून नुसती बाटली बघून समाधान मानू नका, थंड गाडीत झाकण उघडून बघा. झाकण बदलताना त्यावर लिहिलेला दाबाचा आकडा तोच घ्या.

दुसरी : गरम असतानाच उघडणारी बारीक चीर. क्लिपजवळ पांढरट किंवा हिरवट पापुद्रा जमलेला दिसतो, कारण थेंब पडायच्या आत वाळतो. प्रेशर टेस्टर लावून झाकणावरच्या आकड्याइतका दाब द्या आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघा. तिसरी : कूलंट इंजिनात जळतंय. गाडी तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो आणि प्लग काढला तर धुतल्यासारखा स्वच्छ असतो.

आणखी एक, आणि हे धोक्याचं. कूलंट फारच कमी झालं तर सेन्सर पाण्याऐवजी हवेत लटकतो आणि काटा थंड दाखवतो. काटा थंड, इंजिनाजवळ पाय भाजतोय, असं झालं तर पायावर विश्वास ठेवा.

ऑईल दुधाच्या चहासारखं झालंय. गॅस्केट गेलंच ना?

थांबा. जून ते सप्टेंबरमध्ये इगतपुरी-त्र्यंबककडे क्वाड ओढ्यातून नेली असेल, तर पाणी ब्रीदरमधून किंवा एअर फिल्टरमधूनही शिरलेलं असू शकतं. आणि रोज फक्त पाच मिनिटं चालणाऱ्या गाडीत पावसाळ्यात आतल्या वाफेचं पाणी होऊन भरण्याच्या झाकणाखाली पिवळसर फेस जमतो. तो एवढाच असेल तर गाडी अर्धा तास नीट चालवा, जातो. शंका असेल तर ऑईलचा थेंब जुन्या तापल्या तव्यावर टाका, चरचरला तर पाणी आहे.

मुख्य खूण कूलंटच्या लेव्हलची. ऑईल पांढरं आणि कूलंटही कमी, तर पंपाचं सील किंवा हेड गॅस्केट. ऑईल पांढरं पण कूलंट जागेवर, तर पाणी बाहेरून आलंय. काहीही असलं तरी त्या ऑईलवर गाडी चालवू नका. स्वस्त ऑईल भरा, दोन मिनिटं आयडलवर ठेवा, काढा, पुन्हा करा. पांढरेपणा गेला की मग चांगलं ऑईल आणि नवा फिल्टर. इंजिनाच्या ऑईलमध्येच क्लच बुडालेला असेल तर डब्यावर जासो एमए (JASO MA, ऑईलमधल्या क्लचसाठीचा दर्जा) लिहिलेलंच ऑईल घ्या. कारचं ऑईल भरून क्लच घसरवलेली गाडी वर्षाला एक तरी येते.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं, कमी आलं. हेड उतरवू?

लगेच नको. बऱ्याच क्वाडमध्ये सेल्फ मारताना इंजिन सहज फिरावं म्हणून कॅमवर डीकॉम्प्रेशनची सोय असते. त्यामुळे धडधाकट इंजिनातही आकडा कमी येतो. इथे लीक-डाउन टेस्ट खरी. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा द्यायची आणि किती टक्के सुटते ते बघायचं. दहा टक्क्यांच्या आत उत्तम, पंचवीसच्या वर गेली तर दुखणं आहे. आकड्यापेक्षा कान महत्त्वाचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक, ऑईल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले, तर आता खुशाल हेड उतरवा.

उतरवलंच आहे तर सरळ पट्टी आणि फीलर गेजने हेडचा सपाटपणा तपासून घ्या. कंपनीनुसार मर्यादा ०.०३ ते ०.१० मिमी असते. वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट म्हणजे पुढच्या महिन्याची तारीख ठरवून जाणं. फेसिंग, म्हणजे हेड घासून सपाट, करून देणारी मशीन शॉप अंबड-सातपूरला भरपूर आहेत, त्या बाबतीत आपण नाशिककर नशीबवान.

नाशिकला बर्फ पडत नाही. मग कूलंट कशाला, पाणी चालेल ना?

कूलंट फक्त पाणी गोठू नये म्हणून नसतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी आणि झाकणाचा दाब मिळून तो बिंदू १२० च्या पुढे जातो. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हा फरक कळतो. शिवाय नुसत्या पाण्याने ॲल्युमिनियम गंजतं. बोअरचं पाणी तर घालूच नका, बाथरूमच्या नळावर जे पांढरं साचतं तेच रेडिएटरच्या नळ्यांत साचतं. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्या, किंवा तयार मिश्रण. रंगावरून प्रकार ठरत नाही, डब्यावरचा मजकूर वाचा.

ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकतात. क्वाडमध्ये टाकू?

सुईच्या भोकाएवढी गळती हळदीने थांबते, हे खरं आहे. पण ट्रकच्या रेडिएटरपुढे क्वाडचा रेडिएटर म्हणजे पाटीएवढा, नळ्या बारीक. हळद भोक आणि वाट यांत फरक करत नाही. रानात अडकलात आणि दुसरा उपाय नाही, तर चिमूटभर टाकून घरी या आणि दुसऱ्याच दिवशी सगळं धुऊन काढा. लीक-स्टॉपच्या बाटल्यांबद्दलही माझं हेच मत.

कूलंट बदललं आणि तेव्हापासूनच तापायला लागली.

हवा अडकली. पुढची चाकं उंचवट्यावर चढवा म्हणजे रेडिएटरचं झाकण सगळ्यात वर येईल, झाकण उघडं ठेवून थंड गाडी सुरू करा, हवा काढायचा स्क्रू असेल तर सैल करा आणि पाईप हाताने दाबत राहा. बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत जा.

मुलांची ११० सीसीची छोटी क्वाड आहे, रेडिएटरच नाही. तीही तापते.

ती हवेवर थंड होते, म्हणजे तिला पळत राहायला हवं. अंगणात गोल गोल फिरवली तर तापणारच. सिलिंडरच्या पंखांमधला चिखल काढा, ऑईल बघा. आत जेमतेम लिटरभर ऑईल असतं, त्यातलं पाव लिटर कमी झालं तरी खूप होतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी विश्रांती द्या. मुलं कुरकुर करतील.

रानात गाडी तापली. आता काय?

थांबा, सावलीत लावा, इंजिन बंद करा. किल्ली चालू ठेवून फॅन चालत असेल तर चालू द्या. रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आत दाबाखालचं कढत पाणी आहे, ते थेट तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास, वरचा पाईप दाबल्यावर मऊ लागेपर्यंत. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, हेडला चीर जाऊ शकते. घाई असेल तर रेडिएटरच्या जाळीवर बाहेरून थोडं शिंपडा, तेवढं चालतं.

जुनं कूलंट आणि ऑईल कुठे टाकू?

ऑईल डब्यात भरून जुनं ऑईल गोळा करणाऱ्याला द्या, बहुतेक गॅरेजवर तो येतो. कूलंट गटारात, बांधावर किंवा गोठ्याजवळ ओतू नका. एथिलीन ग्लायकॉल गोड असतं, कुत्री आणि गुरं ते चाटतात आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होतात. निचरा करतानाही पसरट भांडं खाली ठेवा आणि तिथून हलू नका. माझ्या शेडमधला काळ्या नावाचा कुत्रा ड्रेन बोल्टचा आवाज झाला की उठून येतो, म्हणून कूलंट काढायच्या दिवशी तो बांधलेला असतो.